कलेजीतल्या पानाचं नाव काय?

रविवारी सकाळी मटणाच्या दुकानात कलेजी मागितली की दुकानदार ती आधी हातात घेऊन उलटीपालटी करतो, बोटांनी दाबून बघतो आणि कधीतरी मधेच सुरी फिरवून एखादा भाग बाजूच्या बादलीत टाकतो. गिऱ्हाईकं फोनमध्ये असतात त्यामुळे हे फारसं कुणाला दिसत नाही. मला दिसलं कारण तेव्हा मी पुण्यात एमएस्सी झूऑलॉजी करत होते आणि प्रोजेक्टला विषय शोधत होते, म्हणून विचारलं, काय टाकलंत? "किडा आहे ताई, ते नका घेऊ." म्हटलं, तेच द्या. तो जरा वेळ माझ्याकडे बघत राहिला, मग चांगली कलेजी एका पिशवीत आणि तो तुकडा दुसऱ्या पिशवीत बांधून दिला. तुकड्याचे पैसे घेतले नाहीत.

घरी येऊन (आई बाहेर गेली होती, नाहीतर हा लेख झालाच नसता) मी तो तुकडा कोमट मिठाच्या पाण्यात ठेवला आणि आतली पित्तनळी नखं कापायच्या छोट्या कात्रीने उभी चिरली. नळी कडक झालेली, चिरताना करकर वाजते. आतून गुंडाळी झालेलं करडं-तपकिरी काहीतरी बाहेर आलं आणि पाण्यात हळूहळू उलगडलं. अगदी कडुलिंबाच्या पानासारखं, लांबट, चपटं, एका टोकाला नाकासारखा छोटा उंचवटा. करंगळीच्या दोन पेरांएवढं. आणि ते पान हलत होतं.

ह्याला मराठीत पर्णकृमी म्हणतात, जनावरांचे डॉक्टर सरळ लिव्हर फ्लूक म्हणतात. आता प्रश्न साधा वाटतो की ह्याचं नाव काय, पण ह्या प्रश्नाने माझं दीड वर्ष खाल्लं.

जनावरांच्या यकृतात राहणाऱ्या ह्या घराण्याचं आडनाव समजा फॅसिओला. त्यात मुख्य भाऊ दोन. एक फॅसिओला हिपॅटिका, ज्याचं नाव जिवांना शास्त्रीय नावं देण्याची पद्धत रुळवणाऱ्या लिनियसने १७५८ मध्येच लिहून ठेवलंय, आणि दुसरा फॅसिओला जायगँटिका, जो कॉबोल्ड ह्या इंग्रज कृमितज्ज्ञाने एकोणिसाव्या शतकात, १८५५ च्या सुमारास, चक्क एका जिराफाच्या यकृतातून काढून वर्णन केला. पुस्तकात फरक छान सरळ दिलेला असतो. हिपॅटिका साधारण २ ते ३ सेंटिमीटर लांब, खांदे रुंद, खाली इंग्रजी व्ही सारखा निमुळता. जायगँटिका लांबलचक, साडेसात सेंटिमीटरपर्यंत जाऊ शकतो, खांदे नसल्यासारखेच, दोन्ही कडा जवळजवळ समांतर आणि शेवट गोलसर. वाचताना वाटतं, ह्यात काय अवघड, पट्टी घ्या आणि मोजा.

मोजायला बसलं की कळतं. छोटा निघाला तर तो हिपॅटिका आहे की अजून न वाढलेला जायगँटिका? एकाच जातीचा कृमी म्हशीत वेगळा वाढतो आणि शेळीत वेगळा, एका यकृतात दाटीवाटीने पन्नास असतील तर प्रत्येक जण खुरटा राहतो आणि दोनच असतील तर ऐसपैस वाढतो. त्यात तो मारला कसा ह्यावरही माप बदलतं. थंड द्रावणात जिवंत टाकला तर आक्रसून गोळा होतो, जवळजवळ उकळत्या मिठाच्या पाण्यात टाकला तर क्षणात सरळ होऊन मरतो. काचेखाली दाबून चपटा केला तर रुंदी वाढते. म्हणजे तुम्ही नक्की जात मोजताय की तुमच्या अंगठ्याचा दाब मोजताय हेच कळत नाही. म्हणून लोक नुसती लांबी धरत नाहीत, लांबी भागिले रुंदी धरतात, आणि पोटावरच्या चूषकापासून (चिकटून बसायचा वाटीसारखा अवयव) शेपटाच्या टोकापर्यंतचं अंतर धरतात, कारण जायगँटिकामध्ये तो मागचा भाग भरपूर ताणला गेलेला असतो.

एवढा खटाटोप कशासाठी, नाव काही का असेना, औषध तर एकच ना, असं मला माझ्या मामाने विचारलं होतं, आणि त्याच्याकडे म्हशी आहेत त्यामुळे त्याचा प्रश्न रास्त होता. ह्या दोघा भावांपुरतं औषध एकच चालतं हे खरं. पण दोघांच्या गोगलगाई वेगळ्या आहेत. फ्लूकचं अंडं शेणातून बाहेर पडतं, पाण्यात फुटतं, आतली अळी गोगलगाईत शिरते, तिथे दोन-तीन रूपं बदलत एकाची शेकडो होते, मग शेपटीवाल्या अळ्या बाहेर पोहत येऊन काठच्या गवताला चिकटतात आणि स्वतःभोवती कवच करून बसतात, जनावर ते गवत खातं की चक्र पूर्ण. (म्हणजे शिजवलेल्या कलेजीतून हा आजार माणसाला होत नाही, निवांत खा. माणसाला तो होतो पाण्यातल्या कच्च्या पालेभाजीतून वगैरे.) हिपॅटिकाला लागणारी गोगलगाय थंड हवेतली, जायगँटिकाची गोगलगाय उबदार साचलेल्या पाण्यातली, कालव्याच्या, भाताच्या खाचरांच्या कडेची. म्हणून आपल्या पठारावर जायगँटिका अपेक्षित असतो आणि हिपॅटिका हिमालयाच्या बाजूला. कोणता भाऊ आहे हे माहीत असलं तर कोणत्या पाणवठ्यापासून जनावर लांब ठेवायचं हे सांगता येतं. मामाला हे पटलं, म्हणजे निदान तो गप्प बसला.

आता बघायचं कसं. नुसता कृमी मायक्रोस्कोपखाली ठेवला तर तपकिरी ढब्बा दिसतो, कारण आत सगळीकडे अंडी आणि पित्त. त्याला रंगवावं लागतं. आमच्याकडे कार्मीन वापरायचे, तोच लाल रंग जो एका किड्यापासून काढतात, म्हणजे किडा रंगवायला किडा. रात्रभर रंगात, मग जादा रंग आम्ल घातलेल्या अल्कोहोलमध्ये उतरवायचा, इथे पाच मिनिटं जास्त झाली तर सगळं फिकट, कमी झाली तर सगळं काळंलाल. मग ३० टक्के, ५०, ७०, ९०, शंभर असं अल्कोहोलच्या पायऱ्या चढवून पाणी काढायचं, पारदर्शक करायला झायलीन किंवा लवंगेचं तेल (लॅबमध्ये दंतवैद्याकडे गेल्यासारखा वास सुटतो), आणि शेवटी काचेवर कायमचा चिकटवायचा. हे सगळं नीट जमलं की पहिल्यांदा जे दिसतं ते मी विसरू शकत नाही, दोन्ही वृषणं फांद्या फुटलेल्या झाडासारखी, आतडंसुद्धा फांद्याफांद्यांचं, बीजांडकोश हरणाच्या शिंगासारखा, आणि हे सगळं एकाच जीवात, कारण फ्लूक उभयलिंगी असतो, नर-मादी एकाच अंगात.

माझी चूक इथेच झाली होती. पहिल्या खेपेला मी बाहेरून जमवून आणलेले वीस-बावीस कृमी मोठ्या उत्साहाने फॉर्मॅलिनमध्ये टाकले, कारण म्युझियममध्ये बरण्यांत तेच तर असतं. मॅडमना बरणी दाखवली तेव्हा त्यांनी चष्मा काढला आणि एवढंच विचारलं, "सगळेच?" सगळेच. फॉर्मॅलिन आकार उत्तम टिकवतं पण डीएनएला आजूबाजूच्या प्रोटीनला फेविक्विकने चिकटवल्यासारखं करून टाकतं आणि धागे तुटतात ते वेगळंच, त्यातून नंतर लांब सलग तुकडा वाचणं म्हणजे डोकेदुखी. डीएनए हवा असेल तर चांगलं कडक अल्कोहोल, ९० टक्क्यांच्या वर. पण कडक अल्कोहोलमध्ये टाकलेला कृमी असा कडक आणि वेडावाकडा होतो की त्याची मापं घेणं मुश्कील. ह्यातच सगळी गंमत आहे. डोळ्याला जो कृमी हवा तो डीएनएवाल्याला नको आणि डीएनएवाल्याला जो हवा तो डोळ्याला नको.

डीएनएचं काम त्या मानाने ऐकायला सोपं आहे. कृमीचा तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा घ्यायचा, प्रोटीन खाणाऱ्या एन्झाइममध्ये ५६ डिग्रीला ठेवून द्यायचा, सकाळपर्यंत तुकडा विरघळून जातो, त्यातून डीएनए गाळून घ्यायचा. मग पीसीआर, जो कोविडमध्ये सगळ्यांच्या तोंडात बसला, तोच. मशीन ९५ डिग्रीला तापवतं, दोन धागे सुटे होतात, थंड करतं, आपण घातलेले प्रायमर, म्हणजे डीएनएचेच छोटे तुकडे, हव्या त्याच जागी जाऊन बसतात, ७२ डिग्रीला कॉपी होते, आणि असं पस्तीसएक वेळा, दर वेळी दुप्पट. मग तो तुकडा वाचायला पाठवायचा आणि अक्षरांची एक लांब ओळ परत येते, तिलाच सिक्वेन्स म्हणतात.

कोणता तुकडा वाचायचा हे महत्त्वाचं. सगळा जीनोम वाचायची गरज नाही. ह्या कामात आयटीएस नावाची जागा फार वापरतात, ती राहते केंद्रकात आणि तिच्या शेकडो कॉप्या असतात त्यामुळे थोड्याशा नमुन्यातूनही मिळते. आयटीएस वनमध्ये चारशेच्या वर अक्षरं, आणि हिपॅटिका-जायगँटिकामध्ये फरक किती, तर मोजून पाच-सहा जागी. बास. म्हणजे अख्ख्या पानात पाच-सहा काना-मात्रा वेगळ्या, पण त्या ठरलेल्या जागीच वेगळ्या, आणि कृमी लहान असो मोठा असो, आक्रसलेला असो चपटा झालेला असो, त्या बदलत नाहीत.

मग लोक म्हणतात, मग ते रंगवणं, मोजणं कशाला करत बसायचं, सरळ सिक्वेन्स काढा आणि जेनबँकमध्ये टाकून बघा. मीही हेच म्हणत होते. जेनबँक म्हणजे जगभरच्या सिक्वेन्सचा साठा, आपली ओळ टाकली की ती कुणाशी किती जुळते ते सांगतो. पण तो साठा कसा चालतो ते ट्रूकॉलर आठवलं की कळतं. ट्रूकॉलरवर तुमचं नाव तेच दिसतं जे लोकांनी सेव्ह केलंय, कुणी "राहुल प्लंबर" असं सेव्ह केलं तर बिचारा राहुल कायमचा प्लंबर. जेनबँकमध्येही सिक्वेन्सवर जे नाव आहे ते टाकणाऱ्याने दिलेलं आहे, त्याने कृमी नीट ओळखला असेल तर बरोबर, नाहीतर ९९ टक्के जुळणी दाखवून तुम्हाला अगदी आत्मविश्वासाने चुकीचं नाव मिळतं, आणि तुम्ही ते छापलं की पुढच्याला दोन पुरावे झाले. डीएनए नाव सांगत नाही हो, तो फक्त कोण कुणासारखं आहे हे सांगतो. नाव कुणीतरी, कधीतरी, काचेखाली बघूनच दिलेलं असतं.

उलट बाजूनेही घ्या. रोमंथ करणाऱ्या जनावरांच्या पहिल्या पोटात दुसरे फ्लूक असतात, छोटे, जाड, गुलाबी. पोट उघडलं की आतल्या भिंतीला डाळिंबाचे दाणे चिकटवल्यासारखे शेकड्याने दिसतात. ह्यांचा आकार सगळ्यांचा सारखाच, दाण्यासारखा. जात ओळखायला कृमी बरोबर मधोमध उभा कापून, पातळ काप काढून, मागच्या चूषकाच्या स्नायूंची रचना, घशाची रचना आणि जननछिद्राची रचना बघावी लागते, १९३७ मध्ये नेस्मार्क ह्या स्वीडिश माणसाने त्याचे प्रकार लावून ठेवले ते आजही वापरतात. काप अर्धा मिलिमीटर बाजूला गेला तरी सगळं वाया. ह्या कटकटीमुळे वर्षानुवर्षं अनेकांनी दिसला दाणा की लिहिलं पॅरॅम्फिस्टोमम सर्व्ही. ब्रिटन-आयर्लंडमध्ये पण तसंच चाललं होतं, डीएनए बघायला लागल्यावर कळलं की तिथे मुख्यतः कॅलिकोफोरॉन डॉबनेयी नावाचा वेगळाच गडी पसरलाय. आणि इथे नावाचा औषधाशी थेट संबंध येतो, कारण यकृतातल्या फ्लूकवर देतात ते ट्रायक्लाबेंडाझोल ह्या पोटातल्या दाण्यांना काही करत नाही, त्याला ऑक्सिक्लोझॅनाइड लागतं. शेणात दोघांची अंडी सापडतात, आकार जवळपास सारखा, पण यकृतवाल्याचं अंडं पित्ताने पिवळं झालेलं आणि पोटातल्याचं बिनरंगी. शेणाच्या गाळात मेथिलीन ब्ल्यूचा थेंब टाकला की कचरा निळा होतो आणि पिवळं अंडं लगेच डोळ्यात भरतं. ह्याला ना पीसीआर लागतो ना काही, तालुक्याच्या दवाखान्यात अगदी स्वस्तात होणारं काम.

आता खरं अवघड. समजा डोळा आणि डीएनए दोन्ही बरोबर केलं आणि तरी उत्तर जुळलं नाही तर?

सिक्वेन्सिंगचा जो ग्राफ येतो त्यात प्रत्येक अक्षराला एक रंगीत डोंगर असतो, एका जागी एकच डोंगर. माझ्या सीनियर ताईने मला एकदा दुसऱ्या कुणाच्या तरी नमुन्याचा ग्राफ दाखवला, सगळीकडे सुरेख एकेक डोंगर आणि त्या ठरलेल्या जागा आल्या की तिथे दोन-दोन, एकावर एक, लाल आणि निळा बरोबरीने. मला वाटलं नमुना घाण झाला. ती म्हणाली, नाही, नीट बघ, फक्त त्याच जागांवर आहे. म्हणजे त्या एका कृमीत हिपॅटिकाचीही प्रत होती आणि जायगँटिकाचीही. संकर. जपान, कोरिया, चीन, बांगलादेश, नेपाळ ह्या बाजूला असे मधले फ्लूक भरपूर सापडलेत. त्यातल्या बऱ्याच जणांना गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच असतात, ते शुक्राणू धड बनवत नाहीत आणि जोडीदाराशिवायच अंडी घालून वंश चालवतात. मापात ते कुठेही बसू शकतात.

आणि इथे रंगवलेली स्लाइड परत कामाला येते. ज्या पिशवीत शुक्राणू साठतात ती भरलेली आहे की रिकामी हे स्लाइडवर सरळ दिसतं. रिकामी दिसली की कान टवकारायचे. डीएनएचा ग्राफ सांगतो दोघांचं मिश्रण आहे, स्लाइड सांगते की हा प्राणी शुक्राणूंशिवाय जगतोय, दोन्ही मिळून गोष्ट पूर्ण होते.

ह्यात अजून एक खोच आहे. मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए फक्त आईकडून येतो, म्हणजे नुसतं आजोळ कळतं. केंद्रकातला दोघांकडून. कुणी फक्त मायटोकॉन्ड्रियाचा तुकडा वाचला तर संकर असलेला कृमी शुद्ध आईच्या जातीचा दिसेल. २०१३ मध्ये फ्रान्सच्या कोर्सिका बेटावर काव्हू नदीत पोहलेल्या लोकांच्या लघवीत रक्त यायला लागलं, तपासलं तर रक्तात राहणारा फ्लूक, शिस्टोसोमा, आणि तोही युरोपात. अंडी माणसातल्या हिमॅटोबियम जातीची म्हणून ओळखली गेली, पण डीएनएचे दोन्ही तुकडे वाचल्यावर त्यात गुराढोरांतल्या बोव्हिस जातीची भेसळ निघाली. एकच तुकडा वाचून थांबले असते तर अर्धीच गोष्ट हाती आली असती.

शिस्टोसोमा म्हटलं की आपल्याला कोकण आठवलं पाहिजे, पण फार लोकांना माहीत नाही. रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिम्वी गावात लोकांच्या लघवीत ह्याच हिमॅटोबियम जातीची अंडी सापडल्याचं गाडगीळ आणि शाह ह्यांनी १९५२ मध्ये लिहिलं. अंड्याच्या टोकाला काटा असतो, त्यावरून ओळख पटते, तो काटा बाजूला असेल तर जात वेगळी. मग वाहक शोधताना नेहमीच्या शंखवाल्या गोगलगाई सोडून फेरिसिया नावाच्या, नखाच्या कातरणाएवढ्या, टोपीसारख्या गोगलगाईवर बोट ठेवलं गेलं. सगळं काम डोळ्यांनी, मायक्रोस्कोपवर, पीसीआरचा शोध लागायला अजून तीस वर्षं होती.

गोगलगाईतल्या अळ्यांच्या बाबतीत मात्र मी डीएनएच्या बाजूने आहे, एकदम उघडपणे. पाषाण तलावाच्या काठावरून जिलबीसारख्या चपट्या वेटोळ्याच्या गोगलगाई आणून काचेच्या ग्लासात बल्बखाली ठेवल्या की काही तासांत त्यातल्या एखादीतून अळ्या बाहेर पडताना दिसतात, धुळीचे कण नाचल्यासारख्या. शेपटी दुभंगलेली असेल तर घराणं साधारण कळतं, पण अळीत वृषण नाही, बीजांडकोश नाही, ज्यावरून जात ठरते ते काहीच तयार झालेलं नाही. सुरवंटावरून फुलपाखरू सांगा म्हटल्यासारखं. अळीचा आणि मोठ्या कृमीचा सिक्वेन्स जुळला की मात्र झटक्यात कळतं की ह्या तळ्यातल्या गोगलगाईतून त्या म्हशीच्या पोटात कोण जातंय. पूर्वी हेच सिद्ध करायला अळ्या प्राण्यांना खाऊ घालून महिनोन्महिने वाट बघायचे.

तर आमच्याकडे शेवटी पद्धत ठरली ती अशी. प्रत्येक कृमी आधी जिवंत असतानाच धुवायचा, फोटो, मग गरम मिठाच्या पाण्यात झटक्यात मारायचा म्हणजे सरळ राहतो, लगेच माप, आणि मागच्या टोकाच्या कडेचा छोटा तुकडा ब्लेडने कापून कडक अल्कोहोलच्या ट्यूबमध्ये. मागचाच का, कारण पुढच्या भागात गर्भाशय असतं, त्यात दुसऱ्या कृमीकडून आलेले शुक्राणू आणि पिल्लांची अंडी असतात, तिथला तुकडा घेतला तर ग्राफमध्ये जोडीदाराचेही डोंगर उमटतील आणि आपण उगाच संकर सापडला म्हणून नाचू. उरलेला कृमी रंगवून स्लाइडवर, ती स्लाइड जपून ठेवायची, उद्या कुणी म्हणालं नाव चुकलंय तर काढून दाखवता आली पाहिजे. ट्यूबवर आणि स्लाइडवर एकच नंबर. ब्लेड प्रत्येक कृमीला नवीन.

माझ्या दुकानवाल्या कृमीचा नंबर १. तो बिचारा पहिल्याच दिवशी घरातल्या डेटॉलच्या बाटलीशेजारी स्टीलच्या डब्यात सर्जिकल स्पिरिटमध्ये राहिला होता, तरी त्याचा सिक्वेन्स स्वच्छ आला, त्या सगळ्या ठरलेल्या जागी जायगँटिका, एकेकच डोंगर. स्लाइड मात्र नाही, तो इतका आक्रसला होता की काही दिसत नाही.

आणि कुणी असे नमुने जमवणार असाल तर ट्यूबच्या आत टाकायच्या चिठ्ठीवर पेन्सिलने लिहा. पेनाची शाई अल्कोहोलमध्ये उतरते. नंबर ७ ते ११ मी निळ्या पेनाने लिहिले होते, पाच ट्यूब, पाच सुंदर कृमी, पाच कोरे कागद आणि फिकट निळं अल्कोहोल.